‘सहा महिन्यांनी खेळण्यास हरकत नाही’: राज्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. तुम्ही दुर्बिणीतून ज्या गुडघ्यांची ऑपरेशनं करता, त्यांतले कितीतरी पुढे वर्षभर माझ्याकडे येत असतात. आमचा भाग कबड्डीचा. दिवाळी झाली की गावोगावच्या सामन्यांचे फलक लागतात आणि पाठोपाठ सुजलेले गुडघे दवाखान्यात यायला लागतात. ‘कट्कन आवाज आला आणि पाय गेला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं: ‘चोळून घेतलं, पण पाय वळवला की गुडघा निसटतो.’

हे पत्र एका मुलीमुळे लिहिते आहे. वय १९, चढाईपटू, उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा आतला बंध (लिगामेंट), तुटलेलं. ऑपरेशन शहरात झालं आणि उत्तम झालं. मी तो गुडघा हाताने तपासला आहे, नवीन लिगामेंट घट्ट बसलं होतं. ऑपरेशनला सहा महिने आणि एक आठवडा झाला तेव्हा ती वडिलांबरोबर आली. वडील म्हणाले, “मॅडम, व्यायाम झालेत सगळे. तेवढं फिटनेसचं सर्टिफिकेट द्या, रविवारपासून निवड चाचणी आहे.” आणि त्यांनी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ‘फिजिओथेरपी करणे. सहा महिन्यांनी खेळण्यास हरकत नाही.’

मी टेप घेतली. गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी तीन सेंटिमीटर बारीक भरली. मग तिला लाकडी स्टुलावर उभं केलं आणि एका पायावर तोल सांभाळत दुसरी टाच सावकाश जमिनीला लावायला सांगितलं. डाव्या पायावर ती अलगद उतरली. उजव्या पायावर गुडघा थरथरत आत वळला आणि तिने भिंत धरली. माझ्या दवाखान्यातल्या फरशीच्या लाद्या एकसारख्या आहेत, त्या मला मोजपट्टीसारख्या उपयोगी पडतात. डाव्या पायावर एका उडीत तिने चार लाद्या ओलांडल्या, उजव्या पायावर अडीच. “मैदानात असं होत नाही,” ती म्हणाली. तिला मनापासून तसंच वाटत होतं.

सर्टिफिकेट मी दिलं नाही. ते दुसरीकडून मिळालं. तिसऱ्या सामन्यात बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळताना, अंगाला कुणी हातही लावलेला नसताना, तोच गुडघा पुन्हा गेला.

डॉक्टर, त्या कार्डावरची ‘सहा महिने’ ही तारीख कुठून आली, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. कारण गेल्या १५ वर्षांत जगभर झालेलं संशोधन त्या तारखेच्या बाजूने उभं राहत नाही, आणि ते संशोधन माझ्याआधी तुम्ही वाचलेलं असतं.

नॉर्वेतल्या ऑस्लोच्या आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी मिळून ऑपरेशन झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता घटत गेली: नवव्या महिन्यापर्यंत प्रत्येक महिन्यामागे ५१ टक्क्यांनी. नऊ महिन्यांनंतर मात्र आणखी थांबून विशेष फरक पडला नाही. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता जे परतले, त्यांच्यातल्या ३८.२ टक्के लोकांना गुडघ्याची नवी दुखापत झाली. चाचण्या पार केलेल्यांमध्ये हे प्रमाण ५.६ टक्के होतं. पार झालेल्यांची संख्या लहान होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत हे मलाही कळतं. पण त्याच वर्षी कतारमधल्या अस्पेतार रुग्णालयाने १५८ व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास मांडला, आणि त्यातही सगळे निकष पूर्ण न करता सुटलेल्यांमध्ये नवीन लिगामेंट तुटण्याचा धोका साधारण चौपट दिसला. दोन वेगळे अभ्यास, वेगळे खेळाडू, आणि बोट दोघांचंही एकाच दिशेला.

शरीराच्या आत काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे पत्र खेळाडूंचे आईवडीलही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. मांडीमागचा स्नायुबंध काढून गुडघ्यात बसवतात, तो बसवल्या दिवसापासून लिगामेंट नसतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आतल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी येतात आणि त्याची वीण हळूहळू बदलत जाते. सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, पोरगं जिना चढायला लागलेलं, नेमक्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात कच्चा असतो. पुढची जडणघडण वर्ष उलटलं तरी चालू असते. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा हिशोब या एका दुखापतीत फसतो. आणि २५ वर्षांखालचे जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यात साधारण चौघांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, याच गुडघ्यात किंवा दुसऱ्या.

तुमची अडचण मला दिसते. ओपीडीत रांग असते. रुग्ण ८० किलोमीटरवरून एसटीने आलेला असतो, टाके काढून जातो आणि पुन्हा फिरकत नाही. गावात फिजिओ असेलच याची खात्री नसते. घरच्यांना एक सोपं उत्तर हवं असतं, आणि तारखेइतकं सोपं उत्तर दुसरं नाही. पण ती तारीख कार्डावर एकदा लिहिली गेली की आमच्या भागात तिचा हुकूम होतो. प्रशिक्षक ती दाखवतो, संघाचा व्यवस्थापक ती दाखवतो, वडील दाखवतात. मी त्यापुढे काहीही बोलले तरी ते ‘फिजिओबाईंचं मत’ ठरतं.

घरच्यांनाही दोष देता येत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र स्पर्धेत खेळल्याशिवाय मिळत नाही. एक हंगाम गेला की वयोगट जातो, वयोगट गेला की ती वाट बंद. शेतमजुरी करणाऱ्या बापाला नऊ महिने आणि सहा महिने यांत फक्त तीन महिन्यांचा फरक दिसत नाही, त्याला नोकरी दिसते. मुलींचं तर आणखी वेगळं. ऑपरेशन झालेल्या मुलाला घरी महिनाभर कुणी उठू देत नाही. मुलगी पंधरा दिवसांत भांड्यांना बसलेली असते, आणि व्यायामासाठी रोज बसभाडं खर्च करायचं म्हटलं की ‘घरीच करेल’ असं ठरतं. मांडीचा पुढचा स्नायू घरी करून परत येत नाही, डॉक्टर. त्याला वजन लागतं, ते दर आठवड्याला वाढवावं लागतं, आणि ते वाढवणारं कुणीतरी समोर लागतं.

म्हणून माझी पहिली मागणी कार्डाबद्दल आहे. तारखेच्या जागी अट लिहा. नऊ महिन्यांआधी स्पर्धा नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के. एका पायावरच्या चारही उड्या, म्हणजे एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आडव्या-तिडव्या तीन उड्या आणि सहा मीटर अंतर वेळ लावून, त्यांतही ९० टक्के. शिवाय खेळायला उतरण्याची मनाची तयारी विचारणारी १२ प्रश्नांची यादी आहे, ती भरून घ्यावी. ‘पाय निसटेल अशी भीती वाटते का?’ हे त्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. लाखो रुपयांचं ताकद मोजायचं यंत्र तालुक्याला नसतं हे खरं. पण पाय सरळ करण्याचं लेग एक्स्टेन्शन मशीन आता गावच्या जिममध्येही असतं, आणि प्रत्येक पाय जास्तीत जास्त किती वजन उचलतो हे त्यावर मोजता येतं. लाद्या तर सगळीकडेच असतात.

यात एक खाच आहे. चांगला पायही या महिन्यांत बसून बसून कमजोर होतो. मग कमजोर पायाशी कमजोर पायाची तुलना होते आणि ९० टक्के सहज भरतात. यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे, कारण ऑपरेशनआधी रुग्ण तुमच्यापुढे असतो. त्या वेळी चांगल्या पायाची ताकद मोजून कार्डावर लिहिली, तर सहा महिन्यांनी माझ्याकडे खरं माप असेल. त्याला दहा मिनिटं लागतात.

आता दुसरं, थोडं अवघड. ऑपरेशन करायचंच का, हा प्रश्न.

यावर तीन मोठे अभ्यास आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचाल भरपूर असलेल्या लोकांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागलं: एका गटाचं लगेच ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. २०१० मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी दोन्ही गट स्वतःच्या गुडघ्याबद्दल जे सांगत होते त्यात फरक नव्हता, आणि पाच वर्षांनीही दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलेलं नव्हतं. नेदरलँड्समध्ये १६७ जणांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. तिथे लगेच ऑपरेशन झालेले किंचित पुढे होते, पण व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्यांचं दोन वर्षं ऑपरेशनविना भागलं. ब्रिटनचा ३१६ जणांचा अभ्यास २०२२ चा. त्यात दुखापत जुनी होऊनही ज्यांचा गुडघा निसटतच होता असे लोक घेतले, आणि तिथे ऑपरेशनचा फायदा स्पष्ट दिसला.

माझ्या समजुतीने याचा अर्थ असा: नवी दुखापत असेल, गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटून अडकलेली नसेल आणि माणूस वळणावळणाच्या खेळात परतणार नसेल, तर आधी तीन महिने कसून व्यायाम हा खरा पर्याय आहे. गुडघा वारंवार निसटत असेल तर वाट पाहत बसू नये, कारण प्रत्येक निसटण्यात गादीचा तुकडा पडू शकतो. चढाईपटूला बहुधा ऑपरेशन लागेलच. स्वीडनच्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते, म्हणून तो निकाल जसाच्या तसा आमच्या मुलीला लावायचा मीही आग्रह धरणार नाही. पण दुधाच्या गाडीवरून पडून एसीएल तुटलेल्या ४० वर्षांच्या शेतकऱ्याला हा पर्याय सांगितला गेला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या अशा माणसांना तो बहुतेक वेळा पहिल्यांदा माझ्याच तोंडून कळतो, तेही ऑपरेशन होऊन गेल्यावर.

आणि तुम्ही बोलला नाहीत की ती जागा दुसरे भरतात. ऑस्ट्रेलियात ८० रुग्णांचा गुडघा चार आठवडे ९० अंशांत पट्ट्याने बांधून ठेवला, मग हळूहळू मोकळा केला, आणि तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये ९० टक्के लोकांचं लिगामेंट जुळत आल्याची चिन्हं दिसली. हा अभ्यास २०२३ मध्ये आला. महत्त्वाची बातमी आहे. तुटलेलं एसीएल कधीच जुळत नाही असं आपण सगळे शिकलो होतो. पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच हे सुरू करावं लागतं, आणि इतके दिवस पाय बांधून ठेवल्यावर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. आमच्याकडे त्याचं रूप काय झालं? ‘परदेशात सिद्ध: ऑपरेशनशिवाय लिगामेंट जुळतं’ असा व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर, खाली हाडवैद्याच्या तेलाचा पत्ता. एका पोराने तो मला दाखवला तेव्हा त्याच्या दुखापतीला १४ महिने झाले होते. त्याला खरं काय ते मराठीत सांगणारं एक पानही मला दाखवता आलं नाही. ते पान तुम्ही लिहा. तुमच्या सहीचं पान लोक वाचतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुपते. वर सांगितलेले बहुतेक गुडघे फुटबॉलचे, हँडबॉलचे, बर्फावरच्या खेळांचे आहेत. त्यांत कबड्डी नाही.

फुटबॉलमध्ये एसीएल बहुतेकदा कुणी न धडकता तुटतं. कबड्डीत पाय मातीत रोवलेला असताना एक जण पट काढतो, दुसरा घोटा धरतो आणि तिसरा बाजूने अंग टाकतो, आणि चढाईपटू वरचं अंग मध्यरेषेकडे फेकत असतो. हा वेगळाच ताण आहे. आता प्रश्न बघा. नव्या लिगामेंटसाठीचा दोर, म्हणजे बसवायचा स्नायुबंध, बहुतेकदा मांडीमागून घेतला जातो. चढाईपटू पकडीतून स्वतःला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो ते याच स्नायूंच्या जोरावर. मग चढाईपटूसाठी तो योग्य की वाटीखालचा स्नायुबंध योग्य? अलीकडे घोट्याजवळून जाणारा पेरोनियसचा दोरही आपल्याकडे वापरतात. घोटा पकड हा ज्या खेळाचा अर्धा जीव आहे, त्या खेळाडूच्या घोट्याजवळचा दोर काढला तर तीन हंगामांनंतर त्याचा घोटा काय म्हणतो? कॅनडा आणि युरोपात २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ जणांवर एक अभ्यास झाला. मांडीमागच्या दोराला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आणखी एक आधार शिवला, तर दोन वर्षांत दोर तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. पट काढला जाणाऱ्या गुडघ्याला हा जादा आधार किती कामाचा? हे प्रश्न ऑस्लोत कुणाला पडणार नाहीत. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी कबड्डीपटूंच्या गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे, तो वाचताना मला आपल्या माणसांविषयी वाचतोय असं वाटलं. महाराष्ट्रात गावोगाव मैदानं आहेत, ऑपरेशनंही होतात. माहिती मात्र प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात वेगवेगळी पडून असते.

नॉर्वेने २००४ मध्ये एसीएल ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, स्वीडन आणि डेन्मार्कने २००५ मध्ये. कोणता दोर जास्त तुटतो, कोणाला दुसरं ऑपरेशन लागतं, हे त्यांना एका शल्यचिकित्सकाच्या आठवणीवरून ठरवावं लागत नाही. आपल्याकडे एमएस करणारा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो, फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थीही लिहितात. पण रुग्णांचा पाठपुरावा पदवीच्या मुदतीत बसेल एवढाच होतो. पुढचा विद्यार्थी नवा विषय घेतो आणि जुने रुग्ण सुटून जातात. एका विद्यार्थ्याने सुरू केलेली यादी पुढच्याने चालवली, तर पाच वर्षांत राज्याचीच काय, देशाची कबड्डीची नोंद उभी राहील. उपचारांची चाचणी घ्यायची तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, २००७ पासून नोंदणीची सोय आहे, तीही विनामूल्य.

त्यासाठी प्रश्नावलीसुद्धा आपली हवी. गुडघ्याच्या अभ्यासांत जगभर ४२ प्रश्नांची जी प्रश्नावली वापरतात, ती बाथटबमध्ये उतरताना, मोटारीत बसताना, मोजे घालताना किती त्रास होतो ते विचारते. आमच्या मुलीकडे यांपैकी एकही गोष्ट नाही. तिला मांडी घालून जेवायला बसता येतं का, देशी संडासात बसून हात न टेकता उठता येतं का, भातलावणीच्या चिखलात पाय वळतो का, हे विचारा. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना १२ वर्षांनी तपासलं, तेव्हा सरासरी ३१ व्या वर्षी निम्म्या जणींच्या एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज होती. ३१ व्या वर्षी आमच्याकडची बाई शेतात वाकलेली असते आणि पदरात दोन लेकरं असतात. तिचा गुडघा तेव्हा कसा आहे हे विचारायला तिच्याकडे कुणी गेलेलं नाही.

माझ्याकडे एक वही आहे. आलेला प्रत्येक एसीएलचा गुडघा, दोर कुठला, मांडीचं माप, लाद्या किती, परत कधी खेळले, पुन्हा तुटलं का. वैज्ञानिक अभ्यास म्हणून ती उभी राहणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी सुरुवात करत असेल, तर नावं झाकून ती मी आजच्या आज द्यायला तयार आहे. आणि माझ्यासारख्या वह्या ठेवणारे फिजिओ इतर तालुक्यांतही आहेत.

त्या मुलीचं दुसरं ऑपरेशन पावसाळ्याआधी झालं. या वेळी दोर डाव्या मांडीतून घ्यावा लागला, त्यामुळे आता तुलनेला चांगला पायच राहिला नाही. नवीन कार्ड तिने परवा आणलं. त्यावरही तीच ओळ आहे. मी तिच्याच समोर ती ओळ न खोडता खाली पेन्सिलने लिहिलं: नऊ महिने पूर्ण, मांडीची ताकद ९० टक्के, चार उड्या, १२ प्रश्न. आणि त्याखाली डॉक्टरांच्या सहीसाठी जागा मोकळी ठेवली आहे. पुढच्या महिन्यात ती तपासणीला येईल तेव्हा कार्ड तिच्या हातात असेल.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावची एक फिजिओथेरपिस्ट